आडनाव कुणाचे, रक्त कुणाचे?

"कुठले शिंदे?" आपल्या नगर जिल्ह्यात सोयरिकीची बैठक बसली की हा प्रश्न हमखास येतो. नुसते शिंदे म्हणून कुणाचे समाधान होत नाही. गाव कोणते, देवक कोणते, मूळपुरुष कुठून आला, कण्हेरखेडच्या शिंद्यांशी काही लागते का, हे सगळे विचारून झाले की मगच सुपारी फुटते. विचारणारे पुरुष, सांगणारे पुरुष. जिचे लग्न ठरते आहे तिला कुणी काही विचारत नाही, कारण हे आडनाव आता तिच्यापुरते संपणार असते. ज्या नावाच्या मुळाची इतकी चौकशी होते, ते बाईच्या अंगावरून मात्र एका दिवसात उतरवले जाते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

आडनाव म्हणजे आपले मूळ, आपले रक्त, आपली इज्जत, असे लहानपणापासून आपल्या मनावर बिंबवलेले असते. हे खरे आहे का, हे तपासायची वेळ आली आहे. आडनावांचा इतिहास आज बराच उपलब्ध आहे आणि जनुकांचा अभ्यासही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खूप पुढे गेला आहे. या दोन्हींकडे बाईच्या बाजूने पाहिले तर काय दिसते, ते या लेखात मांडायचे आहे. हा विषय हौसेचा नाही. जमिनीचा हिस्सा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांची शाळा, या सगळ्यांचे धागे शेवटी याच नावाला बांधलेले आहेत.

आडनावे आली कुठून?

आपली पुष्कळ आडनावे गावावरून आली. संगमनेरकर, जामखेडकर, पारनेरकर ही तर आपल्या जिल्ह्याचीच. गंमत अशी की गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लागत नाही. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला 'कर' लावून हाक मारतात. म्हणजे ज्या आडनावाला आपण मूळ म्हणतो, ते बऱ्याचदा स्थलांतराची खूण असते. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले. डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ; आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेत आंबेडकर झाले.

दुसरी आडनावे वतनाची आणि कामाची. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले ही मुळात पदे. ज्याच्याकडे गावचा वसूल तो पाटील, ज्याच्याकडे दप्तर तो कुलकर्णी. वतने कायद्याने गेली, आडनावे उरली. सुतार, लोहार, सोनार, कुंभार ही तर सरळ धंद्याची नावे.

ज्या नावापुढे आपण सगळ्याजणी नतमस्तक होतो, ते फुले आडनावही असेच आले. जोतीरावांचे घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत पुण्याला फुलांचा धंदा केला म्हणून लोक फुले म्हणू लागले. सावित्रीबाई नायगावच्या, नेवसे पाटलांच्या. अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांनी आपल्या नगरला, मिस फॅरार यांच्या शाळेत घेतले. पुढे १८७४ साली या जोडप्याने यशवंतला दत्तक घेतले. काशीबाई नावाच्या एका फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवेचा तो मुलगा. म्हणजे फुले हे नाव पुढे चालले ते रक्ताने नव्हे, माणुसकीने. आडनाव म्हणजे रक्त असे म्हणणाऱ्यांना एवढे एक उदाहरण पुरे आहे.

शिंदे किती आणि कुठकुठले?

आता पुन्हा शिंद्यांकडे येऊ. ग्वाल्हेरच्या गादीचे शिंदे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. राणोजी शिंद्यांनी उत्तरेत नाव काढले आणि तिकडच्या जिभेवर त्याचे सिंधिया झाले. काही अभ्यासक हे आडनाव कर्नाटकातल्या सिंद या जुन्या राजघराण्याशी जोडतात. 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून १८८२ साली पुरुषांना जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. अस्पृश्यता निवारणासाठी आयुष्य वेचणारे विठ्ठल रामजी जमखंडीचे. भीमगीतांनी वस्त्यावस्त्या जाग्या करणारे प्रल्हादही शिंदेच.

आणि आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे माणकोजी शिंदे धनगर समाजातले. त्यांच्या घरी १७२५ साली अहिल्या जन्मली. लग्न झाले आणि शिंद्यांची अहिल्या होळकरांची झाली. बहुतेक चरित्रांत वडिलांचे नाव, आडनाव, गाव, पद सगळे येते. आईचे नाव सुशीलाबाई एवढेच येते. तिचे माहेर कुठले, ती कुणाची, याची चौकशी करावी असे फारसे कुणाला वाटलेले दिसत नाही.

आज जिल्ह्यात कुठल्याही मोठ्या गावाची मतदार यादी उघडून पाहा. शिंदे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्ध वस्तीत आहेत, मातंगांत आहेत. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आले. त्यानंतर जे ख्रिस्ती झाले त्यांनीही आपली आडनावे टाकली नाहीत. त्यामुळे साळवे, गायकवाड, शिंदे चर्चच्या नोंदवहीतही सापडतात. पवार, जाधव, मोरे, भोसले, काळे, चव्हाण यांचेही तसेच. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर पालात राहणाऱ्या पारधी कुटुंबांची आडनावे पाहिली तर भोसले, पवार, काळे, चव्हाण. वाड्यातले भोसले आणि पालातले भोसले एकाच आडनावाचे, पण एकाच्या दारात पोलीस सलाम ठोकायला येतात आणि दुसऱ्याच्या दारात संशयित उचलायला.

तेव्हा आडनाव एक म्हणून माणसे एक, असे आपल्या समाजाने कधीच मानलेले नाही. म्हणून तर "कुठले शिंदे?" हा प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न खरे तर जातीचा असतो, फक्त जरा सभ्य भाषेत विचारलेला.

विज्ञान काय सांगते?

विलायतेत या विषयावर बराच अभ्यास झाला आहे. आपल्यासारखीच तिथेही आडनावे बापाकडून मुलाकडे जातात. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचे एक गुणसूत्र असते. तेही बापाकडून फक्त मुलाकडे जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या फारसे बदलत नाही. म्हणजे आडनाव आणि वाय गुणसूत्र एकाच वाटेने चालतात. मग एका आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एकसारखे असते का? ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या, एकमेकांशी ओळखपाळख नसलेल्या पुरुषांची तपासणी केली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. साइक्स म्हणजे ओहोळ. आपल्याकडच्या 'ओढे'सारखेच जागेवरून पडलेले हे आडनाव. सुमारे ४४ टक्के पुरुषांत एकच वाय रेषा सापडली. म्हणजे कित्येक शतकांपूर्वीचा एक मूळपुरुष खरा असावा. पण उरलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांचे काय? तेही साइक्सच होते. दत्तक, आईचे आडनाव लावलेली मुले, लग्नाबाहेरची मुले, अशी कितीतरी कारणे एवढ्या काळात घडून गेलेली असतात.

पुढे २००९ साली लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावांचा अभ्यास केला. विरळ आडनावांत एक मूळपुरुष दिसतो, पण स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात तसे काही दिसत नाही, असे त्यांना आढळले. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगावी लोहार होते, गावोगावी स्मिथ झाले. आपले शिंदे, पवार, जाधव इतक्या जातींत आणि इतक्या गावांत पसरलेले आहेत की त्या सगळ्यांचा एकच मूळपुरुष असेल हे संभवत नाही.

बाईच्या शरीरात वाय गुणसूत्र नसतेच. मग तिच्या मुळाचा काही पुरावा नाही का? आहे, आणि तो पक्का आहे. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म भाग असतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तो आईकडून मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे जातो फक्त मुलीकडून. तुमच्या शरीरात जो आहे तो तुमच्या आईचा, तिच्या आईचा, तिच्या आईचा. कितीही मागे जा, ही साखळी तुटत नाही. भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांची ही आईची रेषा 'एम' नावाच्या एका प्राचीन शाखेत मोडते. ही शाखा आदिवासी पाड्यावर सापडते तशीच ब्राह्मण आळीतही सापडते.

म्हणजे निसर्गाने दोन्ही साखळ्या जपल्या. समाजाने त्यातल्या एकीलाच नाव दिले. आईच्या साखळीला आडनाव नाही, वंशावळीत रेघ नाही, कुळात जागा नाही. पण ती प्रत्येकाच्या, अगदी प्रत्येक पुरुषाच्याही पेशीपेशीत आहे.

आता साधा हिशेब करू. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यामागे आठ. अशा दहा पिढ्या मागे गेलो की पूर्वजांच्या जागा होतात एक हजार चोवीस. दहा पिढ्या म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षे, साधारण अहिल्याबाईंच्या काळापर्यंत. त्या एक हजार चोवीस जागांपैकी आपले आडनाव जिथे पोचते ती जागा फक्त एक. बाकी एक हजार तेवीस जणांपासूनही आपण झालो आहोत, आणि त्यांतल्या पाचशे बारा बायका आहेत. ज्या एकाच्या नावाने आपण छाती फुगवतो, तो या गर्दीतला एक आहे, एवढेच आडनावाचे रक्ताशी नाते.

शुद्ध रक्ताची भाषा कुणाचा बळी घेते?

हा हिशेब मांडण्याचे कारण आहे. आज पैसे भरून लाळेचा नमुना पाठवला की तुमचे मूळ सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. उद्या आपल्याकडे कुणी जनुकांच्या नावाने जातीची शुद्धता सांगायला लागला तर नवल वाटू नये. म्हणून आपल्याकडचा अभ्यास काय म्हणतो तेही माहीत असले पाहिजे. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातल्या वेगवेगळ्या मूळच्या लोकांत मोठ्या प्रमाणावर मिसळण झाली. जवळपास कुणीच त्यातून सुटले नाही. त्यानंतर मात्र ही मिसळण थांबत गेली आणि जातीतल्या जातीत लग्ने सुरू झाली.

मिसळण थांबली ती आपोआप नाही. ती थांबवली गेली, आणि ती थांबवायची म्हणजे बाईला बांधून ठेवायचे. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच मांडले होते. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या, असे त्यांचे म्हणणे. शंभर वर्षांपूर्वी वाचलेला तो निबंध आजही आपल्या गटांत वाचायला हवा.

कारण आपल्या जिल्ह्यात हे पुस्तकातले राहिलेले नाही. जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यात सोनईला तीन दलित तरुणांचे खून झाले. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारून टाकले गेले. दोन्ही ठिकाणी कारण पुढे आले ते एकच, वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी संबंधाचा संशय. सोनईच्या खटल्यात २०१८ साली शिक्षा झाल्या, खर्ड्याच्या खटल्यात २०१७ साली सगळे आरोपी सुटले. या घटनांबद्दल बोलताना 'घराण्याची इज्जत', 'आडनावाला बट्टा' हे शब्द लोक सहज वापरतात. ज्या नावावर मुलीचा हक्क लग्नापुरता, त्या नावाच्या इज्जतीचे ओझे मात्र जन्मभर तिच्या डोक्यावर. आणि त्या ओझ्यासाठी दलित तरुणांचा जीव जातो. आडनावाचा प्रश्न हा जातीचा आणि बाईचा असा एकत्रच प्रश्न आहे. तो वेगवेगळा सुटणार नाही.

कागदावरची बाई

मराठी नावाचे तीन भाग असतात. स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. लग्नानंतर बाईचे शेवटचे दोन बदलतात. पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पहिलेही बदलतात. तीनपैकी तीन गेले. नगरमध्ये आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या माहेरच्या मनकर्णिका गोखले. स्वतःचे नाव मराठी भाषेवर कोरणाऱ्या बाईचे जन्माचे नाव किती जणींना माहीत आहे?

नाव नसण्याची किंमत काय असते, हे या देशाने पहिल्याच निवडणुकीत पाहिले. १९५१-५२ च्या निवडणुकीआधी उत्तरेकडच्या राज्यांत मतदार याद्यांमध्ये असंख्य बायकांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून वगळावी लागली. मत मिळाले होते, पण नावावाचून ते वापरता आले नाही.

आजही थोड्याफार फरकाने तेच चालू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. ती पहाटे चारला उठून फडात उभी राहते, मोळ्या वाहते आणि वहीत तिची नोंद अर्धा कोयता. आजारी पडली की खाडा मात्र तिच्या नावाने लागतो.

जमिनीचे पाहा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना हिस्सा दिला. २००५ साली तो देशभर लागू झाला. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. एवढे कायदे झाले, पण बाप वारल्यावर तलाठ्याकडे वारसांची यादी जाते ती भाऊ देतो. वंशावळ लिहिताना मुलगे पुढे, त्यांचे मुलगे पुढे, आणि लेकी 'दिल्या घरी' म्हणून गाळल्या जातात. ज्यांची नावे लागतात त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. जी सही करत नाही, तिला विचारले जाते, "आता तुझं आडनाव वेगळं, तुझा इथं काय संबंध?" एका पवारांच्या लेकीला जाधव केले आणि मग जाधव आहेस म्हणून पवारांच्या रानातून बाहेर काढले. आडनाव बदलण्याची रीत कुणाच्या सोयीची आहे, हे इथे उघडे पडते.

आणि जी हिमतीने हक्क मागायला जाते तिचे काय होते? दहावीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेच्या पासबुकात तिसरेच. 'ही आणि ती बाई एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र तिला करावे लागते. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा हा नावांचा घोळ गावोगावच्या बायकांनी अनुभवला. पुरुषाला आपण तेच आहोत हे सिद्ध करण्याची वेळ सहसा येत नाही.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. वंशावळ मागतात ती बाप, आजा, पणजा अशी. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधात घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या. त्यातही आजी-पणजी क्वचितच दिसतात. राखीव जागेवर सरपंचपदाला उभी राहणारी बाई वीस वर्षे सासरी नांदलेली असली तरी तिला दाखल्यासाठी बापाच्या भाऊबंदांचे दार ठोठवावे लागते. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या मुलांना बापाची कागदपत्रे कोण देणार? टाकलेल्या बायकांचा प्रश्न आपल्याच संगमनेरातून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रापुढे आणला. स्वतंत्र रेशनकार्ड ही त्या लढ्यातली एक ठळक मागणी होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डावर घरातल्या ज्येष्ठ बाईला कुटुंबप्रमुख मानले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मागितले तर कागद बदलतो.

आईचे नाव: एक पाऊल, पण पुरते नाही

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने दोन निर्णय घेतले. एक, अहमदनगरला अहिल्यानगर हे नाव देण्याचा. दुसरा, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा. पहिल्या निर्णयावर भरपूर चर्चा झाली. दुसरा आपल्या घराघरांत पोचणारा असूनही त्यावर तेवढे बोलणे झाले नाही.

हा दुसरा निर्णय स्वागतार्हच आहे. पण तो बारकाईने वाचायला हवा. आई आली, पण आडनावाच्या आधी. वंश चालतो तो शेवटच्या शब्दाने, आणि तो शब्द बापाचाच राहिला. विवाहित बाईच्या बाबतीत तर जुनीच पद्धत, स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव, चालू ठेवली आहे. म्हणजे लेकीच्या कागदावर आईचे नाव जन्मापासून येणार आणि लग्नानंतर पुन्हा पुसले जाणार. एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभा बाईला दिली आहे. ही मुभा आपल्या गटांतल्या प्रत्येकीला माहीत व्हायला हवी.

न्यायालयेही पुढे सरकली आहेत. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात आपोआप बापाचीच धरता येणार नाही, ते आईच्या समाजात वाढले असेल तर ते दाखवून देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, असे २०१५ साली. आणि नवरा वारल्यावर पुन्हा लग्न केलेल्या आईला मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे, असे जुलै २०२२ मध्ये. हिंदू विवाह कायदा असो की विशेष विवाह कायदा, लग्नानंतर बाईने आडनाव बदलावे असे कुठेही लिहिलेले नाही. खिडकीवरचा कारकून सांगतो तो कायदा नसतो, सवय असते.

"माहेरचे आडनाव तरी कुठे तुमचे?"

हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. माहेरचे आडनाव बापाचे, सासरचे नवऱ्याचे. दोन आडनावे जोडून लावली तरी दोन पुरुषांची. पण बापाचे आडनाव म्हणून मुलगा ते कधी परके मानत नाही. जन्मापासून ज्या नावाने हाक ऐकली, ज्या नावाने शाळा शिकली, ते तिचेही झालेले असते. ते टिकवायचे की टाकायचे हे तिने ठरवावे, एवढेच म्हणणे आहे.

यात जातीची बाजूही विसरून चालणार नाही. दोन आडनावे मिरवणे काहींना सहज जमते. ज्यांच्या आडनावावरून शहरात खोली नाकारली जाते, त्या बहिणींना आडनाव झाकावेसे वाटते, राजपत्रात जाहिरात देऊन बदलावेसे वाटते. दोन्ही निर्णयांचा आपण सारखाच मान ठेवला पाहिजे.

वेगळ्या वाटाही आपल्याच मातीत आहेत. गुलाबबाई संगमनेरकर, विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर. तमाशातल्या या बायकांचे आडनाव नवऱ्याच्या घराचे नव्हते, गावाचे होते, आणि ते त्यांनी पायातल्या चाळांवर मोठे केले. समाजाने त्यांना घराण्यात जागा दिली नाही, त्यांनी गावाला घराणे केले. अर्थात तिथेही पुढे बापाचेच नाव चालले. सातारकर नाव गाजवणाऱ्या कांताबाईंचे चिरंजीव रघुवीर खेडकर म्हणूनच ओळखले जातात. १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' आले तेव्हा लेखकाने बापाच्या जागी आईचे नाव लावले: किशोर शांताबाई काळे. बाप कोण असे विचारून ज्याला शाळेपासून टोचले गेले, त्याने त्या प्रश्नाचे उत्तर मुखपृष्ठावर छापले.

आपण काय करू शकतो?

मैत्रिणींनो, मोठ्या घोषणांपेक्षा काही साधी कामे आपल्या हातात आहेत.

एक. गावात कुणाच्याही वारसनोंदीची वेळ आली की वंशावळीत सगळ्या लेकींची नावे आहेत का ते पाहावे. नसतील तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते दोनदा वाचावे आणि गटातल्या कुणाला तरी सोबत न्यावे.

दोन. लग्न ठरवतानाच नाव बदलायचे की नाही याची मुलीशी बोलणी व्हावीत. नाव बदलायचे नसेल तर बँक, आधार, मतदार यादी, सगळीकडे जन्माचे एकच नाव ठेवावे. बदलायचे असेल तर विवाहनोंदणीचा दाखला जपून ठेवावा.

तीन. विवाहित बाईच्या नावातही तिच्या आईचे नाव ठेवण्याची सोय व्हावी आणि मुलाला आईचे आडनाव लावायचे असल्यास अर्जात तशी जागा असावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने सरकारकडे पाठवावी.

चार. ऊसतोडीच्या टोळीत प्रत्येक बाईचे नाव, तिची उचल आणि तिचा हिशेब वेगळा लिहिला जावा, हा आग्रह मुकादम आणि कारखाना दोघांकडे धरावा.

आणि पाचवे काम गटाच्या पुढच्या बैठकीतच करता येईल. प्रत्येकीने एका कागदावर खालून वर लिहीत जायचे. स्वतःचे नाव, आईचे नाव आणि तिचे माहेर, आईच्या आईचे नाव आणि तिचे माहेर, तिच्या आईचे. बापाची सात पिढ्यांची नावे तोंडपाठ असलेल्या घरांतल्या बायकाही इथे बहुधा तिसऱ्या ओळीवर थांबतील. ज्यांच्या घरात म्हातारी आजी किंवा आत्या आहे, त्यांनी तिच्याकडे जाऊन पुढची ओळ विचारून घ्यावी. ही माहिती कुठल्याही दप्तरात नाही. त्या म्हाताऱ्या आहेत तोवरच ती मिळेल. गोळा झालेले कागद या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आपण ही वंशावळ छापू.